साडेबत्तीस इंच

मेडशीत ग्यानबा अंभोरे यांच्या अंगणात ऑक्टोबरातल्या त्या पंधरवड्यात रोज सकाळी सातला टक्-टक् आवाज सुरू व्हायचा. शेजाऱ्यांना आधी वाटलं, कोणी खुंटी ठोकतंय. मग कळलं की ग्यानबाचा संघपाल नागपूरहून सुट्टीवर आलाय आणि पांढऱ्या चेंडूंशी खेळतोय. त्यानंतर आवाजाकडे कोणी लक्ष दिलं नाही.

संघपाल त्रेचाळीस वर्षांचा. उंची पाच फूट दोन इंच, अंग काटक, मान उन्हानं रापलेली. नागपूरच्या एका गोल्फ क्लबात चोवीस वर्षं तो कॅडी आहे. कॅडी म्हणजे खेळणाऱ्याची पिशवी खांद्यावर घेऊन त्याच्यासोबत चालणारा, कुठल्या वेळी कुठली काठी घ्यायची ते सांगणारा माणूस. पिशवी चौदा किलोची, चाल रोज सात-आठ किलोमीटरची. त्यात त्याचं खरं नाव झालं ते ग्रीनवर. ग्रीन म्हणजे भोकाभोवतालचं गालिच्यासारखं कापलेलं गवत. तिथे संघपाल उकिडवा बसतो, एक डोळा बारीक करतो आणि सांगतो, "साहेब, डाव्या अंगाला दोन बोटं. उतार आहे." दिसायला जमीन सपाट असते. साहेब ऐकतात, आणि चेंडू वळून भोकात जातो.

दरवर्षी ऑक्टोबरात क्लब ग्रीनच्या मातीला बारीक भोकं पाडून वाळू भरतो. तेवढे पंधरा दिवस खेळ बंद असतो आणि कॅडींना सुट्टी मिळते. संघपालची सुट्टी सोयाबीन निघाल्यावर आणि हरभऱ्याच्या पेरणीच्या आसपास यायची, म्हणून ग्यानबालाही ती सोयीची होती. यंदा मात्र पोराचं लक्ष शेतात नव्हतं.

क्लबात मुलांचे वर्ग चालतात. कॅडींपैकी एकाला तिथे शिकवणारा मदतनीस म्हणून घ्यायचं ठरलं होतं. नियम असा की त्याला स्वतःला खेळता आलं पाहिजे. लांबचे फटके संघपाल चांगले मारायचा. अडत होतं शेवटच्या परीक्षेत. चार फुटांवरून वीस चेंडू, भोकाच्या चारी बाजूंनी पाच-पाच. त्यातले सोळा आत जायला हवेत. पहिल्या वर्षी त्याचे तेरा गेले, दुसऱ्या वर्षी बारा. संधी तीनच. तिसरी नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होती. उजवा गुडघा दोन वर्षांपासून कुरकुरत होता, आणि पिशवी आणखी किती वर्षं उचलता येईल याचा हिशेब त्यानं मनात केला होता. पण गुडघा नसता तरी त्याला शिकवायचंच होतं. साहेबांच्या कानाशी हळू आवाजात चोवीस वर्षं तो तेच करत आला होता. एकदा मोठ्यानं करायचं होतं.

अंगणात त्यानं चार इंची पीव्हीसी पाइपाचा तुकडा पुरला होता. भोकाचं माप जवळपास तेच. नीलिमानं, त्याच्या बायकोनं, अंगण शेणानं सारवून दिलं होतं. घराच्या ओट्याकडून फाटकाकडे तोंड करून तो उभा राहायचा आणि पटरनं चेंडू ढकलायचा. पटर म्हणजे शेवटची काठी. तिनं मारायचं नसतं, लोटायचं असतं.

"किती?" नीलिमा पाण्याची बादली घेऊन जाता जाता विचारायची.

"अठरा."

"काल?"

"एकोनीस."

"मंग तिकडं बारा कसे होतेत वो?"

याचं उत्तर संघपालकडे होतं, पण तो ते बायकोला सांगत नव्हता. घरच्या अंगणात वीसपैकी अठरा जातात आणि क्लबात बारा, याचा अर्थ हात ठीक आहे, छाती कच्ची आहे. समोर खुर्चीवर साहेब बसले, हातात कागद-पेन घेतलं, की आपले हात भितात. दोन वर्षांत त्यानं हे स्वतःला इतक्यांदा सांगितलं होतं की आता त्यात दुखण्यासारखंही फारसं उरलं नव्हतं.

बुधवारी ग्यानबाच्या फावड्याचा दांडा मोडला. हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं, फावड्याशिवाय भागत नव्हतं. बापलेक मोटरसायकलवरून मालेगावला चांद मिस्त्रीकडे निघाले. दोघांनी जाण्याला कारण होतं. मालेगावात तयार दांडे दहा दुकानांत मिळतात. चांदभाई मात्र माणूस पाहिल्याशिवाय दांडा देत नाही. नुसतं फावड्याचं पातं घेऊन गेलं तर तो ते परत देतो आणि म्हणतो, "ज्याच्या हातात जाईल त्याले घेऊन ये." त्याच्या बापाचीही हीच रीत होती. ग्यानबा चाळीस वर्षं त्याच घराचे दांडे वापरत होता.

संघपालनं पटरही सोबत घेतला. त्याच्या मुठीचं रबर, ज्याला ग्रिप म्हणतात, खालच्या कडेला सुटत चाललं होतं. चांदभाईकडे चांगला गोंद असेल, एवढाच विचार.

चांदभाई साठीचा, पांढरी दाढी, कानावर पेन्सिल. त्यानं ग्यानबाला सरळ उभं केलं, धावड्याच्या लाकडाचा दांडा छातीच्या हाडाशी लावला आणि खूण केली.

"मागच्या बारीपेक्षा बोटभर कमी लागते तुले, ग्यानबा."

"मी का लहान होऊन राह्यलो का बे?"

"सत्तरीत समदेच होतेत. वाकून काम करशीन तं कंबर जाईन. मग मले शिव्या देशीन." दांडा तासता तासता त्याची नजर संघपालच्या हातातल्या काठीवर गेली. "हे काय व्हय?"

"गोल्फची काठी, चांदभाई. पटर. रबर सुटून राह्यलं, जरा गोंद लावून द्या."

चांदभाईनं हातातलं काम बाजूला ठेवलं. पटर घेतला, आणि कुऱ्हाड पाहावी तसा दांडीवरून एका बोटावर तोलला. पुढचं लोखंडी डोकं हळूच फिरलं आणि त्याचं टोक जमिनीकडे लोंबलं.

"याचा तोल एकीकडं हाय."

"तसाच असते तो," संघपाल म्हणाला. "काहीचं तोंड, म्हंजे चेंडूले लागते ती बाजू, बोटावर तोललं की सीधं आभायाकडं राह्यते. ज्याचा हात सरळ मागंपुढं जाते त्याच्यासाठी ते. ज्याचा हात दरवाजा उघडल्यावानी थोडा गोल जाते, त्याच्यासाठी हे टोक लोंबनारं. माहा हात गोलच जाते."

"म्हंजे काठीची जात बरोबर हाय," चांदभाई म्हणाला, आणि पटर उलटा करून डोक्याचं बूड उजेडात धरलं. "मग हे काहून असं?"

बुडावर घासल्याच्या रेघा होत्या, पण फक्त दांडीकडच्या अर्ध्या भागात, टाचेकडे. टोकाकडची अर्धी बाजू नव्यासारखी चकचकत होती.

"अर्धीच घासली. टोक जमिनीले लागतच नाई. कोनासाठी केला हा दांडा?"

"आमच्या क्लबातल्या वीरेंद्रसाहेबांचा होता. आठ वर्षं झाली, त्याईनं मले देला."

"साहेब केवढा?"

संघपालनं हात डोक्यावर उंच नेला. "सहा फूट."

"अन् तू वापरून राह्यला. सहा फुटाच्या मानसाचा दांडा." चांदभाई ग्यानबाकडे वळला. "पाह्यलं का ग्यानबा? तुह्या फावड्यासाठी तू पंधरा किलोमीटर येतं, अन् पोरगं दुसऱ्याच्या मापाची काठी घेऊन इतल्या वर्साचं फिरून राह्यलं."

"त्याले सांग. माहं आयकत नाई तो," ग्यानबा समाधानानं म्हणाला. त्याला यातलं काही कळलं नव्हतं, पण पोराला कोणी तरी बोलतंय हे आवडलं होतं.

चांदभाईनं फरशीवर एक चेंडू ठेवायला लावला. "राह्य उभा. जसा खेळतं तसा." संघपाल उभा राहिला. मिस्त्रीनं भिंतीवरचा ओळंबा काढला, दोरीचं टोक संघपालच्या नाकाच्या शेंड्याच्या वर, दोन भुवयांच्या मधोमध धरलं आणि वजन खाली सोडलं. पितळी वजन हलत हलत थांबलं. चेंडू त्याच्याखाली नव्हता. चेंडू आणि ओळंबा यांच्यात पूर्ण चार बोटांचं अंतर होतं.

"डोये कुठं, चेंडू कुठं. काठी लांब, म्हून तू दूर उभा राह्यतं. दूर उभा राह्यला की टोक उचलते. टोक उचललं की तोंड कोनीकडं पाह्यते?"

"डावीकडं," संघपाल म्हणाला. त्यानं हे उत्तर फार हळू दिलं.

"कापून टाकू?"

"नाई." हे मात्र त्यानं लगेच म्हटलं. "साहेबानं देलेली चीज हाय. साहेबाच्या हातानं शंभर कप जितले त्या पटरनं. त्याले आरी कशी लावू? अन् चांदभाई, घरी अंगनात वीसातले अठरा जातेत. काठी वाकडी असती तं गेले असते का?"

चांदभाईनं रबर चिकटवून दिलं, ग्यानबाचा दांडा पात्यात ठोकला आणि म्हणाला, "आपली मर्जी."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या प्रश्नाचं उत्तर घरातच सापडलं. नीलिमाला अंगण पुन्हा सारवायचं होतं. तिनं आधी बादलीभर पाणी ओट्यापासून फेकलं. संघपाल पटर घेऊन बाजूला उभा होता. पाणी फाटकाकडे निघालं आणि वाटेत उजवीकडे वळून नालीत गेलं. सगळं पाणी, एक ओघळही डावीकडे गेला नाही.

"बाबा, हे पानी तिकडं काहून जाते?"

"मंग कुठं जाईन? घरात?" ग्यानबा ओट्यावर चहा पीत होता. "नाली तिकडं हाय. अंगन म्याच केलं तसं. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चार बोटं उतरतं. तू तवा नागपूरले गेला होता."

संघपाल ओल्या अंगणात उकिडवा बसला. एक डोळा बारीक केला. दुसऱ्यांच्या ग्रीनवर हजारो वेळा बसला होता तसा तो आपल्या घराच्या अंगणात पहिल्यांदाच बसला, आणि त्याला उतार दिसला. इतका स्वच्छ की एखाद्या नव्या कॅडीलाही दिसला असता. चेंडू त्याच्या पटरवरून डावीकडे निघत होता आणि बापानं केलेला उतार त्याला उजवीकडे आणून भोकात टाकत होता. रोज, अठरा वेळा.

अंगण वाळेपर्यंत तो थांबला. मग फाटकाकडे गेला आणि उलट्या बाजूनं, घराकडे तोंड करून वीस चेंडू लोटले. आता उतार डावीकडे होता. तीन गेले. सतरा चेंडू भोकाच्या डाव्या अंगानं नालीच्या दिशेनं निघून गेले. क्लबातले गेल्या वर्षीचे आठ चुकलेले चेंडूही त्याला आठवले. आठही डावीकडे गेले होते. भीतीनं हात कापला असता तर एखादा तरी उजवीकडे गेला असता.

तो हसायला लागला. नीलिमा दारात आली.

"तीन गेले अन् हसून राह्यले?"

"मी भेत नव्हतो," संघपाल म्हणाला.

"कोनाले?"

"कोनालेच नाई."

नीलिमानं सासऱ्याकडे पाहिलं. ग्यानबानं कपातला चहा संपवला. "म्या मांगंच म्हनलं होतं, उन्हात टोपी घालत जाय."

त्याच दुपारी संघपाल एकटा मालेगावला गेला. दांडी कापण्याआधी रबर शाबूत काढायचं होतं. ती युक्ती त्याला क्लबातल्या दुरुस्तीवाल्याकडून माहीत होती. शेजारच्या पंक्चरवाल्याकडून हवेची नळी आणली, मुठीच्या टोकाच्या छिद्राला लावली. रबर फुग्यासारखं फुगलं आणि सरकत बाहेर आलं. चांदभाईनं त्याला पुन्हा उभं केलं. या वेळी हात सैल लोंबू दिले, ओळंबा चेंडूवर येईपर्यंत त्याला पुढे सरकवलं, डोक्याचं बूड जमिनीवर पूर्ण टेकवलं आणि हाताजवळ दांडीवर पेन्सिलनं रेघ मारली. पस्तीस इंचांतून अडीच इंच.

आरी हातात घेऊन चांदभाई थांबला. "बोल. एकदा कापली की जोडता येत नाई."

संघपालनं खुर्चीची पाठ धरली. "कापा."

स्टीलची नळी अर्ध्या मिनिटात कापली गेली. अडीच इंचांचा तुकडा फरशीवर पडला आणि घरंगळत भुशात गेला. पण पटर हातात घेतल्यावर संघपालच्या कपाळावर आठी पडली. पटरचं डोकं हलकं वाटत होतं. काठी आखूड झाली की तसं होतं. यावरही इलाज पंक्चरवाल्याकडेच निघाला. मोटारीच्या चाकाचा तोल साधायला जी चिकटणारी वजनं लावतात, दहा-दहा ग्रॅमची, त्यातली दोन डोक्याच्या पाठीमागे बसवली. मग दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, त्यावर पेट्रोलचा हात, आणि रबर पुन्हा जागच्या जागी.

चांदभाईनं मजुरी सांगितली ती फावड्याच्या दांड्याएवढीच. जाताना ओळंबाही दिला. "घेऊन जाय. माह्याकडं दुसरा हाय. पाह्यत राह्य रोज."

उरलेले नऊ दिवस संघपालनं अंगणात चेंडू लोटला नाही. समाजमंदिराच्या व्हरांड्याची फरशी समपातळीत होती. एका ताटलीत पाणी भरून त्यानं ते आधी तपासलं. तिथे सतरंजी अंथरली आणि सुताराच्या दोरीनं खडूची सरळ रेघ मारली. पहिले दोन दिवस चेंडू उजवीकडे जाऊ लागले, कारण डावीकडे जाणारा चेंडू उजवीकडे ओढायची हातांना आठ वर्षांची सवय होती. तिसऱ्या दिवशी त्यानं खांद्यांवर लक्ष ठेवलं आणि मनगटं गप्प ठेवली. पाचव्या दिवसापासून चेंडू रेघेवर राहू लागला.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी क्लबाच्या सरावाच्या ग्रीनवर दोन खुर्च्या मांडल्या होत्या. एकीवर क्लबाचे प्रशिक्षक होते, दुसरीवर वीरेंद्रसाहेब, हातात कागद. साहेब आता पासष्टीचे, पण खुर्चीत बसलेलेही उंच दिसत. संघपालनं भोकाभोवती चक्कर मारली, चारी बाजूंनी उकिडवा बसला.

पहिल्या बाजूनं चार गेले. दुसऱ्या बाजूनं पाच. तिसरीकडे चढ होता, तिथे तीन. बारा झाले. शेवटची बाजू तीच होती जिथे उतार डावीकडे होता. गेल्या वर्षी तिथून एकच गेला होता. आता पाचातले चार हवे होते.

पहिला गेला. दुसरा गेला. तिसरा भोकाच्या काठाला लागला, अर्धा फेरा फिरला आणि बाहेर थांबला. उजवीकडे.

संघपालच्या चेहऱ्यावर हसू आलं. वीरेंद्रसाहेबांनी कागदावरून मान वर केली. चुकल्यावर हसणारा कॅडी त्यांनी पाहिला नव्हता. त्यांना काय माहीत, की या माणसाचा परीक्षेतला एकही चेंडू आजवर उजवीकडे चुकला नव्हता. संघपाल मागे सरला, पुन्हा बसला, उतार पाहिला. उतार जरा जास्त धरला गेला होता, एवढंच. उतार किती धरायचा हे सांगायची त्याला सवय होती.

चौथा गेला. पाचवा भोकाच्या मधोमध पडला आणि आवाज आला.

"सोळा," प्रशिक्षकांनी लिहून घेतलं.

वीरेंद्रसाहेब उठले आणि हात पुढे केला. संघपालला वाटलं अभिनंदन. त्यांना पटर हवा होता. त्यांनी तो हातात घेतला, उभे राहिले आणि कमरेत पार वाकले.

"हा माझाच ना? याला काय केलंस?"

"कापला, साहेब. अडीच इंच." मग त्यानं जोडलं, "विचारायला हवं होतं तुम्हाला."

साहेबांनी डोक्यामागची वजनं पाहिली, बूड उलटं करून पाहिलं, टाचेकडच्या जुन्या रेघांवर अंगठा फिरवला. "आठ वर्षं तू हा लांबच्या लांब वापरलास आणि मी समोर बसून पाहत होतो," ते म्हणाले. "कोणी कापला?"

"आमच्या मालेगावचे चांदभाई. फावड्याचे दांडे करतात."

"माझ्या नव्या पटरचं माप बघतील का रे ते? मलाही तो नीट बसत नाही."

"बघतील. पण तुम्हालाच यावं लागेल. माणूस पाहिल्याशिवाय ते कामाला हात लावत नाहीत."

संघपालनं दुपारी घरी फोन लावला. नीलिमानं फोन सासऱ्याच्या कानाला धरला.

"किती गेले?" ग्यानबानं विचारलं.

"सोळा. झालं काम, बाबा."

"सोळाच? अंगनात तं अठरा जात होते."

पलीकडून नीलिमाचं हसू ऐकू येत होतं, आणि त्यामागे बादलीचा आवाज.

वर्ग डिसेंबरात सुरू झाला. पहिल्या दिवशी आठ मुलं आली होती, प्रत्येकाच्या हातात बापाचा नाही तर काकाचा पटर. संघपालनं एकालाही चेंडू लोटू दिला नाही. खिशातून ओळंबा काढला आणि म्हणाला, "रांगेत उभे राहा. आधी काठी कोणाची आहे ते बघू."